माइनक्राफ्ट : खेळ एक, घराणी दोन

जगात सर्वाधिक खपलेला संगणकीय खेळ म्हणून 'माइनक्राफ्ट'चे नाव घेतले जाते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत या खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. मात्र हा खेळ विकत घेण्यासाठी निघालेल्या ग्राहकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे नेमका कोणता माइनक्राफ्ट घ्यायचा? 'जावा' आणि 'बेडरॉक' अशा दोन आवृत्त्या त्याला दिसतात. दोन्हींतील ठोकळे सारखे, प्राणी सारखे, राक्षस सारखे आणि बनविणारी कंपनीही एकच. मग नावे दोन कशासाठी? हौशी खेळाडूंना याचे उत्तर ठाऊक असते. गोंधळ होतो तो पालकांचा. शाळेतील मित्रांबरोबर खेळता यावे म्हणून हौसेने आणलेला खेळ त्या मित्रांच्या खेळाशी जुळतच नाही, असे पैसे मोजून झाल्यावर कळते, तेव्हा मुलाची समजूत घालणे अवघड होऊन बसते.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना कोणी नकाशा दिलेला नसतो आणि किल्ला किती मोठा करावा, हेही कोणी सांगितलेले नसते. 'सँडबॉक्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांचे तत्त्व हेच आहे. माइनक्राफ्टमध्ये खेळाडू एका अफाट प्रदेशात अवतरतो. झाडे तोडावीत, जमीन खणावी, मिळालेल्या ठोकळ्यांतून झोपडी बांधावी की राजवाडा, हे त्याचे त्याने ठरवायचे. फरक एवढाच की अंगणातील किल्ला दिवाळीनंतर मोडतो. या खेळातील जग मात्र वर्षानुवर्षे टिकू शकते. आवृत्तीची निवड महत्त्वाची ठरते ती याच कारणाने. आज निवडलेल्या आवृत्तीत मूल पुढील अनेक वर्षांचे बांधकाम करणार असते आणि ते बांधकाम एका आवृत्तीतून दुसरीत सहजासहजी नेता येत नाही.

दोन घराणी कशी जन्मली?

स्वीडनमधील मार्कुस पर्सन या तरुणाने १७ मे २००९ रोजी माइनक्राफ्टचे पहिले कच्चे रूप लोकांपुढे ठेवले. 'नॉच' या टोपणनावाने तो ओळखला जाई. हा खेळ त्याने 'जावा' या संगणकीय भाषेत लिहिला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे चाहते आधीच लाखोंच्या घरात गेले होते. त्याच वर्षी मोबाइल फोनसाठी 'पॉकेट' आवृत्ती आली. जावात लिहिलेला मूळ खेळ त्या काळच्या फोनवर जसाच्या तसा चालविणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे हा खेळ 'सी प्लस प्लस' या भाषेत नव्याने लिहावा लागला. एकाच खेळाच्या दोन शाखांची सुरुवात अशी झाली.

याच सुमारास 'फोर-जे स्टुडिओज' या स्कॉटलंडमधील कंपनीने टीव्हीला जोडून खेळण्याच्या कन्सोलसाठी निराळ्या आवृत्त्या तयार केल्या. त्यांपैकी एक्सबॉक्स ३६०ची आवृत्ती मे २०१२ मध्ये आली. सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची निर्माती 'मोयांग' कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. तोवर माइनक्राफ्टच्या नावाखाली एकमेकांशी न जुळणारे अनेक खेळ बाजारात नांदत होते. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये मोबाइलची शाखा पायाभूत मानून फोन, टॅब्लेट, विंडोज १० आणि एक्सबॉक्स वन यांवरील खेळ एका छत्राखाली आणण्यात आले. पुढे २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विच आणि २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४ ही त्यात सामील झाली. या कुटुंबाला 'बेडरॉक' हे नाव मिळाले. खेळातील जमिनीच्या अगदी तळाशी असलेल्या, कुदळीने न फुटणाऱ्या खडकाचे हे नाव आहे. मूळ संगणकीय शाखा त्या वेळेपासून 'जावा आवृत्ती' म्हणून ओळखली जाऊ लागली.

एकच राग दोन घराण्यांत निराळ्या अंगाने गायला जावा, तसे या दोन आवृत्त्यांचे आहे. फरक नव्या-जुन्याचा नाही. दोन्ही आवृत्त्यांत आजही भर पडत असते आणि नवे प्राणी, नवे प्रदेश बहुधा दोन्हीकडे एकाच वेळी येतात. फरक आहे तो स्वभावाचा. बेडरॉकने भर दिला तो अधिकाधिक उपकरणांवरील अधिकाधिक लोकांनी एकत्र खेळण्यावर. जावाने राखून ठेवली ती खेळ उघडून पाहण्याची आणि हवा तसा बदलण्याची मोकळीक. या दोहोंपैकी कशाची गरज अधिक आहे, हे ठरले की निवड सोपी होते.

उपकरण कोणते?

पुष्कळदा निवड ग्राहकाने करण्याआधीच त्याच्या घरातील उपकरणाने केलेली असते. फोन, टॅब्लेट, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि निन्टेन्डो स्विच यांवर बेडरॉकच चालते. ॲपलच्या मॅक संगणकांवर आणि लिनक्स प्रणालीवर अधिकृतपणे केवळ जावा मिळते. विंडोज संगणकांवर दोन्ही चालतात आणि जून २०२२ पासून विंडोजसाठी त्या एकत्रच विकल्या जातात. म्हणजेच घरी विंडोज संगणक असेल, तर विकत घेताना निवडीचा प्रश्न उरत नाही. त्या वेळी ज्यांच्याकडे दोहोंपैकी एक होती, त्यांना दुसरी विनामूल्य देण्यात आली होती.

मात्र येथे एक खाचखळगा आहे. फोनवर घेतलेला बेडरॉक संगणकावर आपोआप मिळत नाही. फोनवरील प्रत संगणकावरील प्रतीपेक्षा बरीच स्वस्त असते, पण ती त्या फोनच्या दुकानापुरतीच. प्लेस्टेशनसाठी घेतलेला खेळ स्विचवर चालत नाही. तेथे पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्यामुळे पुढील काही वर्षे मूल प्रामुख्याने कोणत्या उपकरणावर खेळणार आहे, याचा विचार खरेदीपूर्वीच केलेला बरा.

संगणकाच्या ताकदीचाही प्रश्न आहे. जावा आवृत्ती स्मृती अधिक खाते आणि जुन्या, साध्या संगणकावर अडखळू शकते. बेडरॉक मुळात फोनसाठी लिहिलेली असल्याने कमी ताकदीच्या यंत्रावरही तुलनेने सुरळीत चालते. 'सोडियम'सारख्या विनामूल्य पूरक प्रणाली बसवून जावाचा वेग पुष्कळ वाढविता येतो. परंतु त्यासाठी थोडी तांत्रिक जाण हवी.

जुन्या वस्तूंच्या बाजारातून खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ साठीच्या तबकड्या स्वस्तात मिळतात. पण त्यांतील खेळ बेडरॉक नव्हे आणि त्यांत भर पडणे २०१८ च्या अखेरीस थांबले. त्यांतील जगही मर्यादित असते. एका बाजूला ८६४ ठोकळे, म्हणजे खेळाच्या हिशेबाने ८६४ मीटर, एवढाच त्याचा पसारा. जावात मात्र मध्यापासून कोणत्याही दिशेला ३ कोटी ठोकळ्यांपर्यंत जाता येते.

सवंगडी कोण?

उपकरणाखालोखाल, किंबहुना त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खेळायचे कोणाबरोबर? बेडरॉकचा सर्वांत मोठा गुण येथे दिसतो. एका मुलाच्या हातात फोन, दुसऱ्याकडे एक्सबॉक्स आणि तिसऱ्याकडे विंडोज संगणक असला, तरी तिघे एकाच जगात एकत्र खेळू शकतात. कन्सोलवर तर एकाच टीव्हीचा पडदा विभागून भावंडांना शेजारी बसून खेळता येते. जावाचे खेळाडू केवळ जावाच्याच खेळाडूंबरोबर खेळू शकतात. मग त्यांचा संगणक विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स.

जावाचे जग मात्र सार्वजनिक सर्व्हरच्या बाबतीत विलक्षण समृद्ध आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'हायपिक्सेल'सारख्या सर्व्हरवर माइनक्राफ्टच्या पोटात शेकडो निराळे खेळ उभे राहिले. सर्व्हर चालविण्यासाठी लागणारी प्रणाली मोयांग विनामूल्य देते. थोडी खटपट करणारा विद्यार्थी घरातील जुन्या संगणकावरही चार मित्रांपुरता सर्व्हर थाटू शकतो. बेडरॉकमध्येही सर्व्हर आहेत, पण कन्सोलवर प्रामुख्याने कंपनीने निवडलेले मोजके सर्व्हरच समोर येतात. शिवाय कन्सोलवर ऑनलाइन खेळण्यासाठी सहसा त्या कन्सोलच्या कंपनीची वेगळी वर्गणी भरावी लागते, हा खर्चही हिशेबात धरायला हवा.

दोन घराण्यांमध्ये पूल बांधण्याचा प्रयत्न चाहत्यांनी केला आहे. 'गीझर' नावाची विनामूल्य प्रणाली ज्या जावा सर्व्हरवर बसविलेली असते, तेथे बेडरॉकच्या खेळाडूलाही प्रवेश मिळतो. परंतु ही कंपनीची अधिकृत सोय नव्हे. तिच्या भरवशावर खरेदीचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.

खेळताना काय बदलते?

नवख्या खेळाडूला पहिले काही आठवडे दोन्ही आवृत्त्या सारख्याच भासतील. फरक जाणवू लागतो तो लढाईत. फेब्रुवारी २०१६ मध्ये जावात लढण्याची पद्धत बदलण्यात आली. तेव्हापासून तलवारीचा एक वार केल्यावर पुढचा जोरदार वार करण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. बेडरॉकने हा बदल स्वीकारला नाही. तेथे भराभर बटण दाबून वार करता येतात. त्यामुळे एका आवृत्तीत तरबेज झालेला योद्धा दुसरीत गेल्यावर सुरुवातीला मार खातो.

दुसरा मोठा फरक 'रेडस्टोन'चा. खेळातील ही लाल भुकटी विजेच्या तारेसारखी काम करते. तिच्या साह्याने आपोआप उघडणारी दारे, धान्य कापणारी यंत्रे, एवढेच काय, आकडेमोड करणारे गणकयंत्रही बनविता येते. जावात ठोकळे ढकलणारा पिस्टन आपल्या वरच्या जागेत पोहोचलेल्या प्रवाहालाही प्रतिसाद देतो. मुळात ही विसंगतीच होती, पण जाणकारांनी तिचा उपयोग करून असंख्य यंत्रे रचली. बेडरॉकमध्ये हा प्रकार नाही. उलट बेडरॉकमध्ये पिस्टन सामानाची पेटी ढकलू शकतो. जावात तो ते करू शकत नाही. यामुळे यूट्यूबवर पाहून बनविलेले यंत्र चालत नसेल, तर दोष मुलाच्या हातात नसून बहुधा आवृत्तीत असतो. चित्रफीत कोणत्या आवृत्तीची आहे, हे आधी पाहण्याची सवय त्याला लावणे हाच त्यावरचा उपाय.

काही अंतरे काळाच्या ओघात मिटलीही आहेत. एकदा मेलात की जग संपले, असा 'हार्डकोअर' प्रकार अनेक वर्षे जावाचीच मिरास होता. २०२४ मध्ये तो बेडरॉकमध्ये आला. प्रत्येक जग ज्या संख्येपासून उगवते, तिला खेळाडू 'सीड' म्हणजे बीज म्हणतात. २०२१ च्या अखेरीपासून एकाच बीजातून दोन्ही आवृत्त्यांत जवळपास सारखेच डोंगर-दऱ्या उगवतात. गावे आणि इतर वास्तू मात्र निराळ्या जागी असू शकतात. देखाव्याच्या बाबतीत बेडरॉकने आघाडी घेतली. प्रकाश-सावल्यांची नवी मांडणी तेथे जून २०२५ मध्ये अधिकृतपणे दाखल झाली. जावाच्या खेळाडूंनी असे देखावे चाहत्यांनी बनविलेल्या 'शेडर'मधून फार पूर्वीपासूनच मिळविले होते.

मोकळीक आणि बाजारपेठ

दोन्ही आवृत्त्यांतील खरा भेद कळतो तो खेळात बदल करण्याच्या प्रश्नावर. जावासाठी जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो 'मॉड' बनविले आहेत. कोणी खेळात आगगाड्या आणल्या, कोणी कारखाने उभारले, तर कोणी चंद्रावर जाण्याची सोय केली. हे मॉड बहुतांशी विनामूल्य असतात. 'फोर्ज' किंवा 'फॅब्रिक' ही प्रणाली बसवून ते वापरता येतात. मॉड बनविता बनविता संगणकीय भाषा शिकलेल्या मुलांची संख्या थोडीथोडकी नसावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोयांगने यापुढे जावा आवृत्तीचा कोड मुद्दाम दुर्बोध करून ठेवणार नसल्याचे जाहीर केले. मॉड बनविणाऱ्यांना यामुळे काम सोपे होणार आहे. शिवाय जावाच्या खेळाडूला जुनी आवृत्ती निवडून खेळण्याचीही मुभा असते. दहा वर्षांपूर्वीचे जग दहा वर्षांपूर्वीच्याच नियमांनी त्याला उघडता येते. बेडरॉकमध्ये मात्र नवी आवृत्ती आली की सहसा तीच स्वीकारावी लागते.

बेडरॉकची रीत वेगळी. तेथे २०१७ मध्ये 'मार्केटप्लेस' ही बाजारपेठ सुरू झाली. 'माइनकॉइन' नावाची नाणी खऱ्या पैशांनी विकत घ्यायची आणि त्या नाण्यांनी नवे पोशाख, नवी जगे, नवे खेळ घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. वस्तू तपासूनच बाजारात येत असल्याने त्या बिनघोर वापरता येतात. त्या बसविण्यासाठी तांत्रिक ज्ञानही लागत नाही. बाहेरून आणलेली विनामूल्य भरही फोनवर किंवा विंडोजवर बेडरॉकमध्ये घालता येते, पण तिची झेप जावाच्या मॉडइतकी नसते. पालकांनी ध्यानात घ्यावे ते हे की, जावा एकदाच खर्च मागते, तर बेडरॉक खेळताना खर्चाचे आमिष सतत समोर असते. फोनवर खरेदीसाठी परवानगीचे कुलूप आधीच लावून ठेवणे इष्ट.

मोकळीकही फुकट मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या जावा प्रणालीतील एक गंभीर त्रुटी उघड झाली. माइनक्राफ्टच्या जावा सर्व्हरवर केवळ एक विशिष्ट संदेश टाकून दुसऱ्याच्या संगणकात शिरकाव करता येत होता. मोयांगने तातडीने दुरुस्ती दिली, परंतु सर्व्हर चालविणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः बसवून घ्यावी लागली. जून २०२३ मध्ये मॉडच्या वाटपासाठी प्रसिद्ध असलेल्या संकेतस्थळावरील काही मॉडमध्ये संकेतशब्द चोरणारा घातक कोड सापडला. अनोळखी ठिकाणाहून मॉड उतरवून घेणारे मूल दार उघडे ठेवून झोपणाऱ्या माणसासारखे असते. जावा घेऊन द्यायची असेल, तर हे शिक्षणही सोबत द्यायला हवे. जावाला आता मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि बेडरॉकमध्येही ऑनलाइन खेळण्यासाठी सहसा ते लागते. मुलासाठी बाल-खाते उघडल्यास त्याने कोणाशी बोलावे, कोणाबरोबर खेळावे यावर पालकांना नियंत्रण ठेवता येते. जावाची जुनी खाती मायक्रोसॉफ्टकडे हलविण्याची मुदत २०२३ मध्ये संपली आणि ती न पाळणाऱ्यांचा प्रवेश बंद झाला. खेळ 'विकत घेतला' म्हणजे तो कायमचा आपला झाला असे नव्हे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

बांधलेल्या जगाचे काय?

या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो प्रश्न म्हणजे बांधलेले जग साठते कोठे? जावाचे जग संगणकाच्या एका साध्या फोल्डरमध्ये असते. त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवता येते. विंडोज आणि फोनवरील बेडरॉकमध्येही जगाची फाइल बाहेर काढण्याची सोय आहे, पण ती आठवणीने करावी लागते. फोन बिघडला, हरवला किंवा जागा मोकळी करण्यासाठी कोणी खेळच पुसून टाकला, तर त्याबरोबर मुलाचे दोन वर्षांचे गावही नाहीसे होऊ शकते. कन्सोलवर तर फाइलपर्यंत थेट पोहोचताच येत नाही. तेथे 'रिअल्म्स' या कंपनीच्या सशुल्क सेवेवर जग चढवून दुसऱ्या उपकरणावर उतरवून घेण्याचा मार्ग आहे.

एका आवृत्तीतून दुसरीत जग नेण्यासाठी 'चंकर'सारखी रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. घरे, डोंगर, रस्ते बहुधा नीट उतरतात. परंतु वर सांगितलेल्या भेदांमुळे रेडस्टोनची यंत्रे बंद पडतात आणि काही गोष्टी वाटेतच गळतात. रूपांतर करण्यापूर्वी मूळ जगाची प्रत जपून ठेवणे अत्यावश्यक आहे.

शाळांसाठी 'माइनक्राफ्ट एज्युकेशन' ही निराळी आवृत्ती २०१६ पासून आहे. ती बेडरॉकच्याच पायावर उभी असून तीत रसायनशास्त्राचे प्रयोग आणि कोड लिहिण्याचे धडे आहेत. तिच्यासाठी सहसा शाळेचे मायक्रोसॉफ्ट खाते लागते. घरच्या बेडरॉकवरील मित्रांबरोबर या आवृत्तीतून खेळता येत नाही. त्यामुळे ती घरगुती खरेदीला पर्याय ठरत नाही.

निवडीचा क्रम

एकंदरीत, वैशिष्ट्यांची लांबलचक यादी पाहत बसण्यापेक्षा तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, मित्र आणि भावंडे कोणत्या आवृत्तीत खेळतात? त्यांच्याकडे फोन आणि कन्सोल असतील, तर बेडरॉकशिवाय पर्याय नाही. दुसरा, खेळ कोणत्या उपकरणावर चालणार आहे? मॅक किंवा लिनक्स असेल तर जावा, फोन वा कन्सोल असेल तर बेडरॉक, विंडोज असेल तर दोन्ही. तिसरा, मुलाला नेमके काय आवडते? बांधणे आणि हिंडणे, की यंत्रे रचणे आणि खेळच उलगडून पाहणे? दुसऱ्या प्रकारच्या मुलाला आज ना उद्या जावाची ओढ लागणारच.

ज्यांच्या घरी विंडोज संगणक आहे, त्यांनी दोन्हींत काही दिवस खेळून पाहावे, पण मोठे बांधकाम कोणत्या आवृत्तीत करायचे, हे लवकर ठरवावे. आणि निवड कोणतीही असो, महिन्यातून एकदा जगाची प्रत काढून ठेवण्याचा नेम करावा. खेळाची प्रत बाजारात पुन्हा मिळते. मुलाने आपल्या हातांनी एकेक ठोकळा रचून उभे केलेले गाव मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.